चाकोरीबाहेरचं चाक

स्टील की अलॉय? शोरूममध्ये हा प्रश्न लूकचा असतो. खुलताबादच्या पुढे, दगडधोंड्यांच्या पाणंदीत, तोच प्रश्न ‘घरी कसं पोचायचं?’ असा होतो.

श्रावणातला शनिवार. ऑफिसला सुट्टी, बाहेर रिमझिम आणि ग्रुपवर एकच मेसेज : ‘चलो म्हैसमाळ!’ आम्ही संभाजीनगरकर पावसाळ्यात दुसरीकडे जाणार तरी कुठे?

दोन गाड्या निघाल्या. एक माझ्या बाबांची जुनी जीप. काळी स्टीलची व्हील्स, त्यांवर गंजाचे ठिपके. दुसरी माझ्या मित्राची नवीकोरी फोर बाय फोर. कंपनीने दिलेली सोळा इंची स्टीलची व्हील्स काढून त्याने बाहेरून अठरा इंची अलॉय बसवून घेतली होती. साठेक हजार मोजून. काय दिसत होती, बॉस! सिग्नलला लोक वळून बघायचे. माझ्या जीपकडेही बघायचे, पण कारण वेगळं होतं.

मित्राच्या गाडीत त्याची आई होती. काकूंना खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं होतं. श्रावणी शनिवारी त्यासाठी शहरातून लोक पायी जातात, आपण तर गाडीतून चाललोय! फक्त निघतानाच त्यांनी बजावलं होतं, ‘‘सातच्या सुमाराला घरी हवं रे. माझं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे.’’

ठण्ण आणि कडाक

दर्शन झालं, म्हैसमाळचं धुकं झालं, गरमागरम भजी झाली. परतताना मित्राला ऑफ-रोडिंगची हुक्की आली. डांबरी रस्ता सोडून आम्ही एका पाणंदीत शिरलो. आपल्या पठाराची गंमत अशी की खाली काळा बसाल्ट आणि वर चिखल. चिखलाखाली काय दडलंय ते दिसतच नाही.

माझी जीप पुढे होती. ‘ठण्ण’ असा आवाज आला, स्टिअरिंग थरथरलं. मिनिटभरात मागून आवाज आला तो मात्र ‘कडाक’ असा होता.

उतरून पाहिलं. एकच दगड, दोन चाकं. माझ्या रिमची कड आत वाकली होती आणि हवा हळूहळू निघत होती. मित्राच्या अलॉयच्या कडेचा चांगला बोटभर तुकडा उडाला होता. टायर जमिनीला टेकलेला.

‘‘स्टेपनी आहे ना!’’ मी म्हणाले. होती की, कंपनीची स्टीलची. पण ती बसवताना लक्षात आलं, की अलॉयसोबत आलेले नट वेगळे आहेत. ते स्टीलच्या चाकात नीट बसतच नव्हते. मूळचे नट? घरी, कपाटावरच्या खोक्यात! साडेपाच वाजले होते. मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. काकू काही बोलत नव्हत्या, आणि तेच जास्त टेन्शनचं होतं.

शेवटी मित्राची गाडी शेजारच्या शेतकरीदादांच्या गोठ्याजवळ ढकलली. माझ्या चाकात छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली, काकूंना जीपमध्ये घेतलं आणि कसंबसं खुलताबाद गाठलं. पंक्चरवाल्या चाचांनी चाक फिरवून पाहिलं, हातोडा उचलला, पंधरा मिनिटांत कड सरळ केली. मित्राने मोबाइलमधला अलॉयचा फोटो दाखवला, तर चाचा हसले. ‘‘लोहा मुडता तो सीधा होता, बाबू. ये तो टूट गया.’’

सव्वासातला काकू घरी होत्या.

फंडा काय आहे?

चाचांचं म्हणणं इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही सापडतं. स्टीलचं व्हील पत्रा दाबून आणि वेल्डिंग करून बनतं. स्टील लवचीक. जोराचा मार बसला तर ते वाकतं, पण सहसा लगेच फुटत नाही. अलॉय म्हणजे मिश्रधातू. खरं तर स्टीलही मिश्रधातूच, पण बाजारात अलॉय म्हटलं की अॅल्युमिनिअमचं समजायचं. ते बहुतेक वेळा साच्यात ओतलेलं असतं. चांगलं ताठ असतं, पण सहनशक्ती संपली की वाकण्याआधीच तडकू शकतं.

मग सगळे अलॉयच्या मागे का? फक्त शायनिंगसाठी नव्हे. अॅल्युमिनिअमची घनता २.७, स्टीलची ७.८. त्यामुळे तेवढ्याच मापाचं अलॉय साधारण हलकं बसतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते कमी असलं, की चाक खाचखळग्यांवर पटकन वर-खाली होतं आणि रस्ता धरून राहतं. अलॉय ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकतं, दौलताबादचा घाट उतरताना हे काही वाईट नाही. शिवाय लोखंडासारखा गंज नाही. आणि डकार रॅलीच्या गाड्या अलॉयवरच धावतात. पण ती व्हील्स खास त्या कामासाठी बनवलेली असतात आणि मागे मेकॅनिकचा ताफा असतो. आपल्या मागे कोण असतं? व्हॉट्सअॅप ग्रुप!

इंचांचं राजकारण

मित्राची खरी चूक नुसत्या धातूची नव्हती. ती सोळाचे अठरा करण्याची होती. २०२० मध्ये आलेल्या थारचंच उदाहरण घ्या. तिच्या एएक्स मॉडेलला १६ इंची स्टील व्हील्स आणि २४५/७५ चे टायर होते, एलएक्सला १८ इंची अलॉय आणि २५५/६५ चे. हिशोब सोपा आहे. पहिल्या टायरची बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल साधारण १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. दगड आणि रिम यांच्यामधली उशी १८ मिलिमीटरने पातळ!

ऑफ-रोडवाले चिखलात टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. पण त्याच वेळी रिम दगडाच्या आणखी जवळ येते. तेव्हा ही उशीच कामाला येते. म्हणूनच २०२३ च्या जिम्नीत मला एक गोष्ट आवडली. झीटाला स्टील, अल्फाला अलॉय, पण दोन्ही १५ इंचीच. लूक बदलला, उशी तेवढीच राहिली.

मग घ्यायचं काय?

अलॉयला नावं ठेवून आपल्या शहरात चालणार नाही. वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींची अलॉय व्हील्स बनवते, आपल्यापैकी कितीतरी जण तशाच चाकांवर ऑफिसला जातात. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस आणि वर्षातून दोनदा कच्चा रस्ता एवढंच असेल, तर कंपनीची अलॉय खुशाल ठेवा. पण दर पावसाळ्यात पाणंदी तुडवायच्या असतील, तर स्टीलला पर्याय शोधायच्या भानगडीत पडू नका. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवणाऱ्या आपल्या लोकांना हे कधीच कळलं होतं. चाक असं हवं, की जे गावातला लोहारही दुरुस्त करू शकेल.

पैसे मोजण्याआधी

• चाकाचा व्यास वाढवू नका. उंच साइडवॉल हाच खरा विमा.
• बाहेरून अलॉय घेताना आयएसआय मार्क पाहा. ‘सेम टु सेम’ दिसणारं स्वस्त व्हील नको.
• स्टेपनीचे नट गाडीतच ठेवा. एकदा घरी स्टेपनी बसवून बघा.
• स्टेपनीचा टायर वेगळ्या मापाचा असेल तर फोर बाय फोर लावू नका, गिअर्सवर ताण येतो.
• ठोकून सरळ केलेलं स्टील घरी पोचण्यापुरतं. नंतर बॅलन्सिंग करून तपासून घ्या. नटांच्या भोकांजवळ तडा दिसला तर ते थेट भंगारात.
• वेल्डिंग केलेल्या अलॉयवर हायवेला भरवसा ठेवू नका.

मित्र दुसऱ्या दिवशी नटांचं खोकं घेऊन गेला आणि गाडी घेऊन आला. महिनाभरात त्याने उरलेली तीन अलॉय विकून टाकली. आता पुन्हा तीच सोळा इंची स्टीलची चाकं आहेत, वर मॅट ब्लॅक पेंट.

‘‘गाडी जरा गावठी दिसते ना आता?’’ परवा तो मला विचारत होता.

आतून काकूंचाच आवाज आला, ‘‘दिसू दे की. घरी तर आणते!’’