शाळेचा संघ, संध्याकाळचं मंडळ : कळवणच्या मुलींचं व्हॉलीबॉल

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला लहान वाटेल. आठवी ते बारावीतल्या मुली व्हॉलीबॉल खेळतात, त्या शाळेच्या संघातून खेळतात, मग त्यांना आणखी क्लब किंवा मंडळ कशाला हवं? आम्ही या प्रश्नाकडे कळवणहून पाहणार आहोत. आमच्यापैकी काही जण शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, काही जण संध्याकाळी मैदानावर मुलींचा सराव घेतात. त्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला जवळून दिसतात.

आधी शाळेची शिडी समजून घेऊ. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा शासनाचा क्रीडा विभाग घेतो. वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पायऱ्या ठरलेल्या : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. क्रीडा विभागाच्या दृष्टीने राज्याचे आठ विभाग आहेत, त्यातला एक नाशिक. राष्ट्रीय शालेय स्पर्धांचं काम १९५४ साली स्थापन झालेला भारतीय शालेय खेळ महासंघ पाहतो.

आपल्या भागात याला समांतर दुसरी शिडी आहे, ती आश्रमशाळांची. आदिवासी विकास विभागाची नाशिक जिल्ह्यात दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, एक नाशिकला आणि दुसरं कळवणला. आश्रमशाळांच्या प्रकल्प पातळीच्या, मग विभाग आणि राज्य पातळीच्या स्पर्धा होतात. कबड्डी, खो-खो, हँडबॉल यांच्यासोबत तिथे व्हॉलीबॉलही असतं. म्हणजे संधी नाही असं कोणी म्हणू नये. संधी आहे. ती किती वेळ टिकते, हा खरा प्रश्न.

एका पराभवाचं गणित

शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. हरला की घरी. समजा तालुक्याला १६ संघ आले. विजेता ठरायला १५ सामने लागतात. त्यात आठ संघ एकच सामना खेळतात, चार संघ दोन सामने, दोन संघ तीन, आणि अंतिम फेरीतले दोन संघ चार. म्हणजे निम्म्या मुलींचं शालेय व्हॉलीबॉलचं वर्ष एका सामन्यात संपलं. तीन सेटचा सामना सरळ दोन सेटमध्ये गेला, तर अर्ध्या-पाऊण तासात.

आता त्या अर्ध्या-पाऊण तासात मुलीच्या वाट्याला काय येतं ते मोजू. समजा संघ २५-१०, २५-१० असा हरला. एकूण ७० गुण खेळले गेले. जो गुण जिंकतो तो पुढची सर्व्हिस करतो, म्हणजे समोरच्या संघाने सुमारे ५० सर्व्हिस केल्या. त्या घेणाऱ्या मुली सहा. सरासरीने प्रत्येकीच्या हाताला आठ सर्व्हिस आल्या. त्यातल्या काही थेट जमिनीवर पडल्या असणार, नाहीतर स्कोअर १० राहिला नसता. वर्षभरात खऱ्या सामन्यातल्या आठ सर्व्हिस घेऊन कोणाचे हात तयार होतील?

आता तेच १५ सामने दुसऱ्या तऱ्हेने मांडा. सहा संघ घ्या आणि साखळी पद्धतीने खेळवा, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. सहा संघांच्या साखळीतही सामने १५च होतात. फरक इतकाच की प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात, हरला तरी मिळतात. क्लबचं पहिलं काम हेच. हरणाऱ्या मुलीला पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर उभं करणं.

बाद पद्धतीला आम्ही नावं ठेवत नाही. मैदानं कमी, पंच कमी, दिवस दोन आणि संघ भरपूर असले की आयोजकांना दुसरा मार्ग नसतो. निवड करायला ती पद्धत ठीक आहे. पण खेळाडू घडवणं हे वेगळं काम आहे. निवडीच्या पद्धतीने ते होत नाही.

धावणारी आणि व्हॉलीबॉल खेळणारी

आमच्या भागात मुलींच्या खेळाचा विषय निघाला की कविता राऊत यांचं नाव येतंच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी. नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे सराव केला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पुढे २०१७ साली चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधव यांनी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य घेतलं. नाशिकच्या खेड्यातली मुलगी कुठवर जाऊ शकते, हे या दोघींनी दाखवलं. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. गुण गावात होता, पण तो वाढला शाळेच्या स्पर्धेबाहेरच्या, वर्षभर चालणाऱ्या सरावात.

धावण्याची आणखी एक सोय असते. चांगला प्रशिक्षक मिळाला की मुलगी रस्त्यावर एकटी धावू शकते. व्हॉलीबॉलमध्ये तसं नाही. या खेळात चेंडू हातात धरता येत नाही, आणि लागोपाठ दोनदा एकीने मारायचा नाही. तीन स्पर्शांत तो पलीकडे जायला हवा. पहिली अंडरहँडने उचलते, दुसरी लिफ्ट देते, तिसरी स्मॅश मारते. पहिलीचा पास वाकडा गेला की लिफ्टर कितीही हुशार असो, तिचं काही चालत नाही. त्यात रोटेशन. सर्व्हिस मिळाली की सगळ्यांच्या जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक पुढे सरकतात. म्हणून फक्त स्मॅश मारणारीलाही मागच्या रांगेत जाऊन चेंडू उचलावा लागतो. मागच्या रांगेसाठी खास खेळाडू, म्हणजे लिबरो, ही सोय १९९८ पासून आली. पण शाळेच्या संघात तशी जास्तीची तयार मुलगी असतेच कुठे?

म्हणजे व्हॉलीबॉल शिकायला जाळीच्या या बाजूला सहा जणी हव्यात, आणि खरा सराव व्हायला पलीकडेही सहा. बारा मुली, एका वेळी, एका जागी, आठवड्यातून तीन-चार दिवस. ही जमवाजमव म्हणजेच क्लब. नाव काहीही द्या. आपल्याकडे कबड्डी-खो-खोची मंडळं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत.

आश्रमशाळेचं बळ आणि तिची मर्यादा

इथे कळवण-सुरगाणा पट्ट्याला एक बळ आहे, ज्याचा विचार शहरात फारसा होत नाही. आश्रमशाळेत मुली राहतात. संध्याकाळी पाच वाजता बारा जणी गोळा करायला कोणाच्या दारात जावं लागत नाही. एका अर्थाने प्रत्येक निवासी शाळा तयार क्लबच आहे.

पण हा क्लब दोनदा मोडतो. पहिल्यांदा सुट्टीत. दिवाळीला आणि उन्हाळ्यात मुली पाड्यावर परततात. घरची माणसं निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेली असतात, किंवा गावात कांद्याची लावणी-काढणी चाललेली असते. मुलगी हाताशी आली की ती वाफ्यात उतरते. यात आई-बापाचा दोष काढण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांदा हा क्लब कायमचा मोडतो, दहावी किंवा बारावीनंतर. शालेय स्पर्धेत खेळायला शाळेचं किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचं नाव लागतं. शाळा सुटली की संघ सुटला. सोळा-सतराव्या वर्षी, जेव्हा उंची भरते आणि खेळाची समज येते, नेमका तेव्हाच चेंडू हातातून जातो. आणि मैदानावर जायचं कारण संपलं की घरात लग्नाच्या गोष्टी लवकर सुरू होतात, हेही आपण सगळे जाणतो.

मंडळाचं दुसरं काम इथे आहे. मंडळ हजेरीपट विचारत नाही. दहावी झालेली, बाहेरून बारावी करणारी, शिवणकाम शिकणारी, अशी कोणतीही मुलगी तिथे खेळू शकते. शिवाय मंडळाच्या वाटेने एक वेगळी शिडी मिळते : जिल्हा संघटनेच्या स्पर्धा, निवड चाचणी, जिल्ह्याचा संघ, राज्य स्पर्धा. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ सालचा. शालेय शिडीपेक्षा ही शिडी वेगळी चालते. एकीवरून पाय घसरला तर दुसरी असते.

बाहेर काय घडलं

क्लब म्हणजे पैसेवाल्यांचं काम, असं वाटत असेल तर जपान पाहा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं. महिलांचं सुवर्ण जपानने जिंकलं. त्या संघातल्या बहुतेक मुली कायझुका गावच्या निचिबो या कापड गिरणीच्या संघातल्या होत्या. दिवसा गिरणीचं काम आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. त्यांची शिकवण्याची रीत फार कठोर होती आणि ती आज कोणी उचलू नये. घेण्यासारखं एवढंच : कामकरी मुली, एक जागा, वर्षानुवर्षं तोच संघ.

अमेरिकेचा अनुभव उलटा. व्हॉलीबॉल जन्मलं तिथेच, १८९५ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी. १९७२ च्या कायद्याने शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी आली आणि मुलींचे शालेय संघ झपाट्याने वाढले. आज तिथे चार लाखांहून अधिक मुली हायस्कूलसाठी व्हॉलीबॉल खेळतात. शाळेचा हंगाम साधारण तीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष क्लबचं. महाविद्यालयांचे प्रशिक्षक शिष्यवृत्तीसाठी मुली निवडायला क्लबच्या मोठ्या स्पर्धांना येतात, कारण एका छताखाली शेकडो संघ दिसतात. खेळाचा दर्जा त्याने वाढला, हे खरं. पण क्लबची फी आणि प्रवास मिळून खर्च वर्षाला हजारो डॉलरवर गेला, आणि ज्या घराला तो झेपत नाही तिथली मुलगी मागे राहिली.

आमचं म्हणणं या दोन उदाहरणांच्या मधे आहे. क्लब हवाच, पण तो शाळेला चिकटून, शाळेच्याच मैदानावर आणि फी न घेता चालायला हवा. नाहीतर कळवण शहरातल्या दहा मुली खेळतील आणि दळवट-कनाशीकडची मुलगी पाहत बसेल.

मंडळ उभं करायचं तर

चार गोष्टी थोडक्यात सांगतो.

मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. मोठ्या मुलींसाठी जाळीची उंची २.२४ मीटर. लहान गटाला जाळी खाली घ्या, हात वर पोचत नसताना स्मॅश शिकवू नका. दोन खांब, एक जाळी, फक्की. चेंडू मात्र एकावर भागवू नका. बारा मुलींत एक चेंडू म्हणजे अकरा जणी उभ्या. चार-पाच चेंडू असले तर अर्ध्या तासात एकीच्या हाताला शंभर पास येतात. मघाच्या आठ सर्व्हिस आठवा.

दुसरं, नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली मंडळ नोंदवता येतं. मग जिल्हा संघटनेशी संलग्नता. कागद कंटाळवाणे असतात, पण त्याशिवाय मुलीच्या प्रमाणपत्राला वजन येत नाही.

तिसरं, सुरक्षितता. मैदानावर एक तरी बाई जबाबदार हवी. अंधार पडायच्या आत सराव संपावा. आश्रमशाळेची मुलगी असेल तर मुख्याध्यापक आणि अधीक्षिका यांची लेखी परवानगी घ्या. बाहेरगावी नेताना पालकांना ठिकाण, गाडी, मुक्काम सगळं आधी सांगा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं. कपडे बदलायला आणि शौचालयाला जागा नसेल तर सरावाला मुली कमी होतात. मग लोक म्हणतात, मुलींना आवडच नाही.

चौथं, वेळापत्रक. कांद्याच्या लावणीच्या आठवड्यात सराव ठेवून हजेरीवरून रागावू नका. तो आठवडा आधीच मोकळा ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलगी दहावीला आहे. खेळाने अभ्यासाचं नुकसान होईल का?*

ताई, आठवड्याचे चार दिवस, दीड-दीड तास, एवढाच सराव आम्ही सांगतो. परीक्षेच्या महिन्यात तो निम्मा करावा. ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी खेळ मान्य यादीतला लागतो, स्पर्धा ठरलेल्या दर्जाची लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून नोकरीचं आमिष दाखवून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मुलीला खेळू द्या ते तिचं अंग आणि मन धड राहावं म्हणून. बाकीचं मिळालं तर चांगलंच.

*शाळा आणि मंडळ यांत भांडण होतं. खेळाडू कोणाची?*

सर, खेळाडू कोणाचीच नाही, ती स्वतःची. शालेय स्पर्धेत ती शाळेकडून, संघटनेच्या स्पर्धेत मंडळाकडून. जूनमध्येच दोघांनी बसून तारखा ठरवल्या तर निम्मी भांडणं उरत नाहीत. श्रेय वाटून घ्या. प्रार्थनेच्या वेळी मुलीचं नाव घेताना मंडळाचंही घ्या, आणि मंडळाच्या फलकावर शाळेचं नाव लिहा.

*पैसे कुठून आणायचे?*

सर्वांत मोठा खर्च चेंडूचा नाही, प्रवासाचा आहे. कळवणहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. बारा मुली, दोन मोठी माणसं, जाणं-येणं, जेवण. म्हणून आमचा आग्रह असा की आधी लांबच्या स्पर्धेमागे धावू नका. कळवण, अभोणा, कनाशी, दळवट, जवळच्या आश्रमशाळा, असे सहा संघ जमवा आणि रविवारची साखळी सुरू करा. १५ सामने, प्रत्येक मुलीला पाच. पहिल्या वर्षी एवढं जमलं तरी तालुक्याच्या स्पर्धेला उतरणारी मुलगी आयुष्यातला पहिला सामना खेळत नसेल. पुष्कळ फरक तिथेच पडतो.

वेळ संपली आहे. ज्यांच्या शाळेत जाळी गुंडाळून कपाटात ठेवली आहे, त्यांनी ती उद्या बाहेर काढावी, एवढीच विनंती.