चिठ्ठी

सोनकी दाबायला बसलं की पहिली अडचण पाण्याची. भाद्रपदात डोंगरउतारावरून आणलेलं झाड गच्च ओलं असतं. वर्तमानपत्राच्या घडीत ते पसरायचं, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे त्याची पाठही दिसते. मग लाकडी चौकटीत घालून पट्टे आवळायचे. कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी धरते. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली, त्यामुळे एक फूल वाटतं तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो: कडेला जिभेसारखी पिवळी किरणफुलं, मधे बारीक नळीसारखी बिंबफुलं. एक गुच्छ उभा चिरून शेजारी ठेवला की दोन्ही दिसतात. हे काम मला फार आवडतं.

वाळलेलं झाड जाड कागदावर चिकटवलं की उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. एकदा मी चिठ्ठी घरी लिहू म्हटलं आणि दोन डोंगरांवरच्या सोनक्या एकमेकींत मिसळल्या. नमुना सुरेख वाळला होता. तरी काढून टाकला.

का टाकला, ते वनपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, हकिकत वाचलेल्याला कळेल. पक्ष्याच्या वाळवलेल्या कातड्याला चिठ्ठी पायाशी बांधतात. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात वनपिंगळ्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नव्हती; पक्षी नामशेष झाला असंच वाटू लागलं. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात एक नमुना होता. चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी. तिच्यावर विश्वासून शोधायला जाणारा मांडवीलाच जाणार! पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी त्या कातड्याचे क्ष-किरण काढले, आतलं भरण तपासलं. नमुना डेव्हिडसनच्याच हातचा निघाला. माइनर्ट्झहागेनने तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून पुन्हा भरला होता.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा समोर बसलेला दिसला. नेहमीच्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं, याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते. मधे ११३ वर्षं गेली होती.

तुम्ही फूल दाबणार असाल, तर चिठ्ठी तिथेच, झाडाशेजारी उभं राहून लिहा.