'जेवून राह्यलो' : जेवण झालं की चालू आहे?

मंडळी, आज एकच क्रियापद घेऊ : राहणे. 'आम्ही अमरावतीला राहतो', यात ते वस्तीचं. 'गोळी घ्यायची राहिली', यात काम झालेलंच नाही. आणि अकोल्यात कुणी म्हणतं, 'मी गोळी घेऊन राह्यलो', तेव्हा काम चालू आहे. इथे जरा थांबू, कारण घोटाळा इथेच होतो.

पुण्याच्या कानाला 'जेवून आलो' म्हणजे आधी जेवलो, मग आलो. 'जेवून' म्हटलं की जेवण संपलं. वऱ्हाडात 'जेवून राह्यलो' म्हणजे घास अजून हातात आहे. हिंदीतलं 'खा रहा हूँ' आठवा. तसं प्रमाण मराठीतही आपण 'बसून राहिलो' म्हणतोच. वऱ्हाडीने ती सोय सगळ्या क्रियापदांना दिली.

आता पेशंट फोनवर सांगतो, 'साखरेची गोळी घेऊन राह्यलो'. रोज घेतोय, की एकदा घेऊन थांबलाय? बाहेरगावच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारावंच : 'आज घेतली का?'

आणखी एक वापर : 'एप्रिलात अकोल्यात लय ऊन राह्यते'. इथे ते 'असतं'च्या जागी बसलंय, नेहमीचं असणं सांगायला.

स्पॅनिशमध्येही असंच घडलं. 'एस्तार' हे क्रियापद लॅटिनमधल्या 'उभं राहणे'वरून आलं, आणि 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे आपलं 'जेवून राह्यलो'. त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. पेपरात 'जेवत आहे' लिहायला जरूर शिकवू, पण पोराच्या वहीत लाल रेघ मारताना बाजूला कारणही लिहू.