चिराईच्या चेनसॉचे सुटे भाग : खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि कोकणातल्या कितीतरी बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले. पडलेल्या आंब्या-फणसाचा जाड बुंधा उतारावरून आरागिरणीपर्यंत न्यायचा म्हणजे लाकडापेक्षा वाहतूकच महाग. अशा ठिकाणी चेनसॉला चिराईची फ्रेम जोडून जागेवरच फळ्या काढता येतात. ही फ्रेम म्हणजे मशीनच्या बारला पकडणारी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट. बुंध्यावर टेकवून मशीन पुढे ढकलत नेले की सारख्या जाडीची फळी सुटते.

पण ओंडका आडवा तोडणे वेगळे आणि उभा चिरणे वेगळे. तोडायला एक-दोन मिनिटे पुरतात. चिरताना मशीन पूर्ण ताकदीने सलग चालते. त्यामुळे चेन, बार, स्प्रॉकेट लवकर झिजतात. मग आपण तालुक्याला जातो, दुकानदार म्हणतो "हा बसेल", आपण पैसे मोजतो, आणि घरी आल्यावर तो भाग बसत नाही. एसटीचे भाडे गेले, दिवसही गेला. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : दुकानात जाण्याआधी भागाचा नंबर आपल्या खिशात पाहिजे.

चेनचे तीन आकडे

"२० इंची बारची चेन द्या," एवढे सांगून भागत नाही. एकाच लांबीच्या बारला वेगवेगळ्या चेन असतात. तीन आकडे लिहून न्या.

पहिला, चेनचे माप. चेन सपाट ठेवा. लागोपाठचे तीन रिबिट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून त्याचे निम्मे करा. तीन रिबिटांत साडेसोळा मिलिमीटर भरले तर चेन ०.३२५ इंची, साडेअठराच्या आसपास भरले तर ३/८ इंची, साडेवीस भरले तर ०.४०४ इंची.

दुसरा, खालच्या दाताची जाडी. म्हणजे बारच्या खाचेत जो दात फिरतो त्याची. ती १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, त्याच्याकडून मोजून घ्या.

तिसरा, खालच्या दातांची संख्या. एका दातावर खडूची खूण करा आणि एकेक मोजा.

झाले. कागदावर लिहा : ०.३२५ – १.५ – ७६. तुमचे आकडे जे असतील ते. बहुतेक बारवर मुळाशी हे आकडे कोरलेलेही असतात, भुसा-तेल पुसून बघा. १.५ ची चेन १.३ च्या खाचेत शिरतच नाही. १.३ ची चेन १.५ च्या खाचेत शिरते, पण डुलते आणि फळी वाकडी निघते. ३/८ ची चेन ०.३२५ च्या स्प्रॉकेटवर चढवली तर दोन्ही वाया जातात.

नवी चेन घेण्याआधी

मशीन जोर लावून ढकलावे लागते, धूर निघतो, म्हणजे चेन संपलीच असे नाही. बहुधा धार गेलेली असते. ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ ची. लहान मशीनवरच्या ठेंगण्या दातांच्या ३/८ चेनला ४ ची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. एका बाजूचे दात आखूड झाले तर मशीन एकीकडे ओढते.

चिराईची खास चेन महाग पडते. तीही घरी करता येते. तोडायच्या साध्या चेनच्या दाताला साधारण ३० अंशांचा तिरका कोन असतो. चिराईला १० अंशांच्या आसपासचा कोन बरा, फळी गुळगुळीत निघते. दर वेळी कानस मारताना कोन थोडा थोडा कमी करत या, म्हणजे साध्या चेनचीच चिराईची चेन होते.

गावातल्या चार-पाच जणांच्या चेनचे माप आणि जाडी सारखी असेल तर मिळून रीळ घ्यावे. ३/८ इंची चेनच्या २५ फुटी रिळात ४१० खालचे दात येतात. ७२ दातांच्या पाच चेन होऊन ५० दात उरतात. जोडणी मात्र रिबिट दाबायचे यंत्र असलेल्या दुकानातूनच करून घ्या.

बार आणि स्प्रॉकेट

चेन बदलताना दर वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच आणि तेलाचे भोक साफ करा. कडेला धारदार ओठ आला असेल तर सपाट कानशीने घासून काढा. चेनचा खालचा दात खाचेच्या तळाला टेकू लागला तर तो बार संपला. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खोल चर पडला की तो बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणे म्हणजे चेनचे पैसे पाण्यात. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट असा हिशेब धरा.

कोणता भाग कुठे मिळेल?

फ्रेमचे भाग गावातच होतात. चौकोनी पाइप, पट्टी, यू-बोल्ट हे वेल्डिंगवाला मोडलेल्या भागावरून करून देतो. नट-बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, फक्त आटे जुळवून घ्या. पहिल्या कापाला टेकू म्हणून कंपनीची रेल नको, सरळ शिडी किंवा न वाकलेला बॉक्स पाइप चालतो.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो पुढच्या अक्षरांसकट टिपून बेअरिंगच्या दुकानात जा. प्लग नंबरावरून मोटारसायकलच्या पार्टवाल्याकडे मिळू शकतो. स्टार्टर, हँडल, झाकणे यांसाठी त्याच मॉडेलचे बंद पडलेले मशीन भंगारात मिळते का बघा. ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्याकडे असा माल पडून असतो.

पिस्टन जाम झाला तर लगेच पूर्ण संच घेऊ नका. सिलिंडर आतून खरवडला आहे की नुसते अ‍ॅल्युमिनियम चिकटले आहे, ते जाणत्या मेकॅनिककडून तपासा. नुसते चिकटले असेल तर साफ करून पिस्टन आणि रिंगांवर काम भागू शकते. पण जाम का झाला, ते आधी शोधा. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडले, एअर फिल्टर चोंदला, की नळीतून हवा शिरली? १ लिटर पेट्रोलला २५:१ प्रमाणात ४० मिली, ५०:१ प्रमाणात २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. तुमच्या मशीनच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घाला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओल ओढते. म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा, नाहीतर नळी आणि कार्बोरेटरचा पडदा खराब होतो.

इथे काटकसर नको

तुटलेली चेन वेल्डिंग करून किंवा खिळा ठोकून जोडू नका. पूर्ण वेगात ती सुटली तर गोळीसारखी येते. चेन ब्रेक आणि तुटलेली चेन अडवणारा खालचा आकडा मोडला असेल तर तो मूळ भागच घ्या, आणि तो बसेपर्यंत मशीन चालवू नका. क्लच आणि फ्लायव्हील घरगुती जुगाडाचे नको. फळी चिरताना कापात पाचर ठोकत चला, म्हणजे बार अडकत नाही. बारच्या रेषेत कोणाला उभे राहू देऊ नका.

आणखी एक. आंबा, फणस, साग यांसारखी झाडे आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात. दुसऱ्याचे लाकूड पैसे घेऊन चिरायचे तर आरागिरणीच्या परवान्याचाही प्रश्न येतो. आधी वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्या.

हे पत्रक मशीनच्या पेटीत ठेवा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या चेनचे तीन आकडे, प्लगचा व बेअरिंगचा नंबर आजच लिहून टाका. पुढच्या वेळी तालुक्याला गेलात तर एका फेरीत काम होईल.