उकळूनही न जाणारे विष

२ ऑगस्ट २०१४, शनिवारची पहाट. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या टोलेडो शहरातील नागरिक जागे झाले, ते एका चमत्कारिक सूचनेने. नळाचे पाणी पिऊ नका आणि ते उकळूही नका, असे प्रशासनाने बजावले होते. पाण्याविषयी शंका आली की ते उकळून प्यावे, ही शिकवण जगभर लहानपणापासून दिली जाते. येथे मात्र तो नेहमीचा उपायच वर्ज्य ठरला. दुकानांतील बाटलीबंद पाणी पाहता पाहता संपले, राज्यात आणीबाणी जाहीर झाली आणि नॅशनल गार्डच्या जवानांना पाणीवाटपासाठी पाचारण करावे लागले. सुमारे पाच लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस नळ असून पाणी नाही, अशा अवस्थेत काढावे लागले. विशेष म्हणजे, जगाच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठवणाऱ्या पंचमहासरोवरांपैकी एकाच्या, म्हणजे ईरी सरोवराच्या, अगदी काठावर हे शहर वसलेले आहे.

या संकटाला कारणीभूत होते सरोवरावर पसरलेले हिरवे शैवाल. शैवाल हा काही मुळात शत्रू नव्हे. आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूचा मोठा वाटा पाण्यातील सूक्ष्म वनस्पतीच तयार करतात. नील-हरित शैवाल तर भातखाचरात नत्र स्थिर करणारे जैविक खत म्हणून आपल्याकडेही वापरले जाते. प्रश्न निर्माण होतो तो या जीवांची वाढ हाताबाहेर गेल्यावर. पाण्यात स्फुरद आणि नत्र यांचे प्रमाण वाढले, ऊन भरपूर मिळाले, पाणी कोमट आणि संथ असले की काही दिवसांतच त्यांची संख्या अफाट वाढते. यालाच शैवालांचा फुलोरा म्हणतात. त्यातील काही जाती विष तयार करतात, तर काही विषारी नसूनही पाण्याचा श्वास कोंडतात.

विष कसे पसरते?

ईरी सरोवरात माजलेला जीव होता मायक्रोसिस्टिस. त्याला रूढ भाषेत नील-हरित शैवाल म्हणत असले, तरी शास्त्रीयदृष्ट्या तो सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंच्या गटात मोडतो. त्याच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर तो पृष्ठभागावर तरंगतो आणि सूर्यप्रकाश स्वतःच अडवून खालच्या इतर शैवालांची उपासमार करतो. तो जे विष तयार करतो, त्याला मायक्रोसिस्टिन म्हणतात. हे विष प्रामुख्याने यकृतावर आघात करते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली त्याची दीर्घकालीन मर्यादा आहे एका लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अवघा दहा लाखावा भाग. टोलेडोच्या शुद्ध केलेल्या पाण्यातही हे प्रमाण ती मर्यादा ओलांडून गेले होते.

पाणी उकळल्याने जिवाणू मरतात; परंतु मायक्रोसिस्टिनचा रेणू उष्णतेला दाद देत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन जाते आणि उरलेल्या पाण्यात विषाची तीव्रता वाढते. हे विष किती घातक ठरू शकते, याचा भयंकर अनुभव ब्राझीलमधील कारुआरू शहराने १९९६ मध्ये घेतला. तेथील एका डायलिसिस केंद्रात दूषित जलाशयाचे पाणी वापरले गेले आणि विष थेट रक्तात उतरल्याने पन्नासहून अधिक मूत्रपिंडरुग्ण दगावले.

सरोवर एकदा वाचले, पुन्हा आजारी पडले

ईरी सरोवराची कहाणी यासाठीही अभ्यासण्यासारखी आहे, की ते यापूर्वी एकदा मृत्यूच्या दारातून परतले होते. १९६० च्या दशकात शहरांचे सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीतील स्फुरद यांमुळे ते ‘मृत सरोवर’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात पाण्याच्या गुणवत्तेचा करार झाला. सांडपाणी शुद्धीकरणावर मोठा खर्च करण्यात आला, धुण्याच्या पावडरीतील स्फुरदावर निर्बंध आले आणि सरोवर सावरले.

परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल पुन्हा डोके वर काढू लागले. या वेळी स्फुरद कारखान्याच्या वा गटाराच्या नळीतून येत नव्हता. तो मॉमी नदीच्या खोऱ्यातील मका आणि सोयाबीनच्या शेतांतून, रासायनिक खत आणि जनावरांच्या मलमूत्रातून पावसाबरोबर वाहून येत होता. नळी बंद करता येते. हजारो शेतांतून झिरपणारे पाणी कसे बंद करणार? त्यातच सरोवराचा पश्चिम भाग उथळ असल्याने पाणी लवकर तापते. तापमानवाढीने फुलोऱ्याला अनुकूल काळ लांबतो आणि धुवांधार पावसाने खतांचा लोंढा वाढतो. २०११ आणि २०१५ मध्ये तेथे प्रचंड फुलोरे आले. स्फुरदाचे प्रमाण २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले होते. ती मुदत उलटून गेली, तरी शैवालाने सरोवराची पाठ सोडलेली नाही.

उपाय कोणते?

शैवाल दिसले की मोरचूद टाकून ते मारावे, हा मोह होतो. परंतु पेशी फुटल्या की त्यांच्या आतील विष एकदम पाण्यात मिसळते. म्हणून जलशुद्धीकरणात पेशी अखंड असतानाच गाळून काढणे आणि विरघळलेले विष सक्रिय कार्बनने शोषून घेणे श्रेयस्कर मानले जाते. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून फुलोऱ्याचा अंदाज वर्तवला, तर जलशुद्धीकरण केंद्रांना तयारीला वेळ मिळतो. मात्र हे सारे उपचार लक्षणांवरचे आहेत. मूळ रोगावर इलाज एकच, तो म्हणजे पोषकद्रव्ये पाण्यापर्यंत पोहोचू न देणे. त्यासाठी मातीची तपासणी करून नेमके खत देणे, ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखणे, पाणथळ जागा पुन्हा जिवंत करणे आणि सांडपाणी शुद्ध केल्याखेरीज नदीत न सोडणे, हे मार्ग आहेत. ते चिकाटीचे आहेत आणि त्यांचे फळ दिसायला वर्षे लागतात.

समुद्रही याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर रात्री लाटा निळसर चमकू लागल्या, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. असा प्रकाश देणाऱ्या सूक्ष्मजीवांपैकी नॉक्टिलुका हा एक होय. तो विष सोडत नसला, तरी पाण्यात अमोनिया वाढवतो. फुलोरा मरून कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोस यांनी अरबी समुद्रातील या जीवाचा वाढता विस्तार आणि तेथील घटता प्राणवायू यांचा संबंध सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये मांडला. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आता उपग्रहांद्वारे भारतीय समुद्रातील फुलोऱ्यांची माहिती देते.

टोलेडो आपल्यापासून दूर आहे. उजनी मात्र जवळ आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून ज्या जलाशयात उतरते, त्याचे पाणी हिरवे झाल्याच्या तक्रारी वारंवार येतात आणि तेच पाणी सोलापूरकर पितात. वरच्या शहराने नदीत काय सोडले, हे खालच्या शहराला आपल्या पेल्यात पाहावे लागते. हिरवे पाणी ही निसर्गाची शोभा नव्हे. ती काठावरच्या माणसांना दिलेली धोक्याची सूचना आहे. ती वाचायची की नळ बंद पडण्याची वाट पाहायची, हे आपणच ठरवायचे आहे.