दोन वडगावं आणि एक चूक: पार्सल भलत्याच गाडीत का चढतं?

मागच्या वेळी आपण दोरी आणि सापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घेऊन कुरिअरच्या गोदामात जाऊ.

मी पुण्यात वडगाव बुद्रुकला राहतो. पिन ४११०४१. शहराच्या दुसऱ्या टोकाला वडगाव शेरी आहे, त्याचा पिन ४११०१४. नाव तेच, आकडेही तेच, फक्त शेवटचे दोन उलटे. मध्यंतरी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या वडगावला जाऊन आल्या. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "गाडी भरणाऱ्या मुलाचे पैसे कापतो." मला ते काही बरं वाटलं नाही. पैसे कापले म्हणून उद्याचं खोकं बरोबर गाडीत जाईल का? त्यासाठी चूक म्हणजे नेमकं काय, हे आधी बघायला हवं.

नैयायिक म्हणतात, भ्रम म्हणजे एक वस्तू दुसरीच म्हणून दिसणं. ही अन्यथाख्याती. प्रभाकर मीमांसकांचं म्हणणं वेगळं आहे. शिंपल्याला आपण "ही चांदी" म्हणतो, तेव्हा "ही" एवढं समोर दिसत असतं आणि "चांदी" आठवणीतून येते. दोन्ही ज्ञानं आपापल्या जागी ठीक. त्यांच्यातला भेद तेवढा लक्षात येत नाही. ही अख्याती.

गाडी भरणाऱ्याचं असंच होतं. लेबलावर "वडगाव" वाचलं, ते खरंच होतं. सकाळपासून ज्या वडगावची खोकी उचलली, ते आठवणीतून आलं. भेद निसटला. म्हणजे त्याला वाचता येत नाही किंवा तो कामचुकार आहे, असं यातून सिद्ध होत नाही. भेद डोळ्यांत भरेल अशी सोय करणं, हा खरा उपाय.

पिनकोड ही अशीच सोय. संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्याची आखणी केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. सारखी गावनावं आणि वेगवेगळ्या भाषा यांतून वाट काढायला सहा आकडे! पण पुण्याच्या गोदामात बहुतेक खोक्यांवर ४११ असतंच. तिथे भेदाचा सगळा भार शेवटच्या आकड्यांवर पडतो, आणि तेच छोट्या अक्षरात असतात.

मग काय करावं? एक, लेबलावर गाडीची खूण मोठी छापावी, आणि सारख्या वाटणाऱ्या दोन मार्गांना वेगळा रंग, वेगळं अक्षर द्यावं. दोन, दोन्ही वडगावांच्या गाड्या शेजारी लावूच नयेत. तीन, स्कॅन पट्ट्यापाशी करून थांबू नये, गाडीच्या दारात करावं. खोकं उचलल्यावर चालत जाताना चूक होते. पट्ट्यावरच्या यंत्राला ती कशी कळणार? आणि एक स्कॅन, एक खोकं. पाच स्कॅन करून पाच एकदम टाकली, की पुन्हा भेद गेला. चार, जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. तसं दारात "शेरी" किंवा "बुद्रुक" म्हणावं. हात, डोळा आणि वाणी एकत्र आली की आठवणीला परस्पर उत्तर देता येत नाही.

जपानचीच आणखी एक गोष्ट. शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांत चुका अडवणाऱ्या युक्त्या रुजवल्या. त्यांना आधी "बाका-योके" म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कामगार बाईला तो शब्द लागला. शिंगोंनी नाव बदलून "पोका-योके" केलं: अनवधानानं होणाऱ्या चुकीपासून बचाव. मंडळी, हा नुसता शब्दाचा फरक नाही. माणूस मूर्ख आहे असं धरलं, तर तुम्ही दंड शोधता. भेद निसटला असं धरलं, तर लेबल सुधारता.

त्या मुलाचे पैसे कापू नका, असं मी कळवलं. सोबत या चार सूचनाही पाठवल्या. पुढच्या व्याख्यानात अनिर्वचनीय ख्याती घेऊ.