अजगराचं पिल्लू की घोणस?

मैत्रिणींनो, पावसाळ्यात परसात दोन-अडीच फुटांचं, जाडजूड, ठिपक्याठिपक्यांचं जनावर दिसलं, की कुणीतरी म्हणतंच, "अगं, अजगराचं पिल्लू ते, काही करत नाही!" आमच्या शाळेच्या कुंपणाशीही एक मुलगा "बाई, अजगर!" म्हणत ते उचलायलाच निघाला होता. तेवढ्यात कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार झाला. शिपाईमामांनी त्याला मागे खेचलं, म्हणून निभावलं. ती होती घोणस, अतिविषारी!

घोणशीच्या पाठीवर गडद काठांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळी ओवल्यासारख्या. अजगराचे डाग मात्र वेडेवाकडे, नकाशातल्या देशांसारखे. त्याचं अंग गुळगुळीत, चकचकीत; घोणशीचे खवले खरखरीत. फुसकारतो मात्र अजगरही, तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊ नका.

पण खरं सांगू? हे सारं लांबूनच बघायचं. शंका आली तरी घोणसच समजा, मुलांना आत घ्या आणि सर्पमित्राला बोलवा. चावलीच, तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं काहीही नको. चावलेला हात-पाय न हलवता माणसाला तडक रुग्णालयात न्या. विषावरची लस तिथेच टोचतात.